मोरीच्या पाण्यावरचं वेखंड

आत्याबाई, तुमची मोरी आम्ही फोडली. दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मीच सांगते. काळी फरशी, रांजणाचा ओटा, भिंतीखालचं पाणी जायचं भोक, सगळं गेलं. आता तिथं सिमेंटची खोली आहे, वर पत्रा आहे, आतून कडी लागते, आणि टाईल्सवर तुमचा मुलगा ऊठसूट घसरतो आणि मिस्त्रीच्या नावानं ओरडतो. मला तर बाथरूम आवडलं. बाज आडवी लावून, ओलं लुगडं अंगाला चिकटवून, कोणी येते का पाहत घाईघाईत आंघोळ करायचे दिवस मी काही प्रेमानं आठवत नाही. पण त्या मोरीच्या पाण्यावर तुमचं वेखंड होतं. त्या वेखंडाचं काय झालं ते सांगायला बसली आहे. लिहायची सवय नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे हातात पेन आलं की शाळेतल्या बाईसारखं लिहावं वाटते, आणि कोणाचं बोलणं आलं की तोंडातलंच कागदावर उतरते. समजून घ्या. तसंही तुम्हाला वाचता कुठं येत होतं.

मी या घरी सून म्हणून आली तेव्हा वेखंड म्हणजे दुकानातली वाळकी काडी, एवढंच मला माहीत. माझं माहेर वरोऱ्याकडचं, काळ्या जमिनीचं, कापसाचं. तिकडे वावरात पाणी उभं राहिलं की लोक डोक्याला हात लावतात. तुमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी उभं राहिलं नाही की लावतात. तिकडे सुनेची पारख निंदणात होते. तासात गवताची एक काडी राहिली तर सासू बोलायच्या आधी शेजारीण बोलते. मी निंदणात कोणाला ऐकत नव्हती. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, तुम्ही सगळे रोवण्याला, धानाची रोपं लावायला, गेले आणि मला नवी म्हणून घरी ठेवलं, तेव्हा मी कंबर खोचून घरामागच्या सांदवाडीत शिरली. मोरीच्या नालीवर हिरवं पातं माजलं होतं, कमरेएवढं, दाट, चाकूच्या पात्यासारखं. मला वाटलं लव्हाळा. खाली हात घातला तर मुळं अंगठ्याएवढी जाड, गाठीगाठीची, केसाळ. मला अजूनच जोर आला. म्हटलं, किती वर्षांचं तण आहे हे, या घरात कोणाला डोळे आहेत की नाही? सगळं उपटलं, टोपल्यानं उकिरड्यावर नेऊन टाकलं, नाली झाडून चकचकीत केली आणि ओसरीत बसली, शाबासकीची वाट पाहत.

तुम्ही आलात तेव्हा उजेड होता अजून. पिंडऱ्यांपर्यंत चिखल. पाय धुवायला मोरीत गेलात, तांब्या ओतला, आणि पाणी भोकातून पलीकडे गेलं तसं वाकून पाहिलं.

"काऊन वं, नाली कोणं झाडली?"

"मी झाडली, आत्याबाई. पार लव्हाळा माजला होता."

तुम्ही तांब्या खाली ठेवला. ओल्या पायांनीच उकिरड्यावर गेलात, एक मूळ उचललं आणि माझ्याजवळ आलात. मला वाटलं आता मारता. तुम्ही म्हणालात, "तुया हात हुंग." मी हुंगला. दुपारभर तो वास येत होता, मला वाटलं तुमच्याकडच्या चिखलालाच येत असेल. कडू, तिखट, बंद पेटीत ठेवलेल्या जुन्या कपड्यांसारखा.

"लव्हाळ्याले असा वास येते का? तुमच्याकडे घरची माणसंही निंदून फेकता का वं?"

कुंपणापलीकडून शेजारची काकू हसली, आणि ते हसू गावभर गेलं. त्या हंगामात मी ज्या बांधीत पाय ठेवला तिथं कोणीतरी म्हणायचंच, "इले काठावरच बसवा, नाई तर धान उपटून ठेवन." मी पण उलट बोलायची, तुम्हाला माहीत आहे माझं तोंड. पण आतून जळत होती. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी मुळं परत आणली, मला घरात पाठवून एकटीनं लावली, आणि लावून आल्यावर एवढंच म्हणालात, "या वाफ्याले तू हात नको लावू. तुले दम नाई."

मला वाटलं, रागात आहे म्हणून म्हणते आहे, महिनाभरानं विसरेल. तुम्ही विसरला नाहीत. घर तुम्ही हळूहळू माझ्या हाती दिलं. आधी चूल दिली, मग तांदळाची कोठी, मग बियाणं कोणतं ठेवायचं आणि कोणतं भरडायचं हे विचारायला लागलात. वडशाला धान विकायला जाताना माझ्याशी बोलून जायला लागलात. नातेवाईकांकडे लग्नात कोणती साडी न्यायची हेही मीच ठरवायची. पण वेखंड नाही. पानं पिवळी पडली की तुम्ही सकाळी नालीवर उकिडव्या बसणार, जुनी मुळं काढणार, कोवळी तिथंच ठेवणार, आणि मी नुसती वळणावर आली तरी मान न वळवता म्हणणार, "भात करपते तुया." भात करपत नव्हता.

मला ते लागायचं, आज स्पष्ट सांगते. एवढी वर्षं मी तुमचं सगळं केलं, आणि तुम्ही मला चिखलातली चार मुळं धरू दिली नाहीत.

देण्यात मात्र तुमचा हात मोकळा होता. टोल्यात, वस्तीतल्या कोणाच्याही घरी बाळंतपण झालं की ती बाई, नाही तर तिची सासू, सांदवाडीच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. तोंडानं मागायची नाही. तुम्ही पण काही विचारायच्या नाहीत. सावलीत वाळवलेलं एक मूळ आणायच्या आणि तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवायच्या. ती वाकून उचलायची. हातोहात दिलं तर गुण उतरत नाही, असं तुमच्या माहेरी होतं. तुमचं माहेर भामरागडच्याही पलीकडे, पावसाळ्यात रस्ता बंद, नदी उतरेपर्यंत मीठसुद्धा घरात असेल तेवढंच. तिकडे लेकराचं पोट दुखलं तर ते घरच्या नालीवरच उगवलं पाहिजे. लग्न होऊन येताना तुम्ही ते वेखंड पळसाच्या पानात, ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन आला होता, हे मला तुमच्या भावानं सांगितलं. तुम्ही कधी सांगितलं नाही.

माझा मोठा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या अंगात जोर आणि पोटात वारा. दिवसभर पाय पोटाशी घेऊन रडायचा. मी म्हणायची, द्या काहीतरी, लवकर द्या. तुम्ही सहाण मांडून बसायच्या, थेंबभर पाणी, मूळ असं हळू फिरवायच्या की मला वाटायचं पोरगं मोठं होऊन शाळेत जाईल तोवर. मी म्हटलं, "आणा इकडे, मी उगाळतो." तुम्ही सहाण मांडीखाली घेतली. "तू उगाळशीन तर अर्धं मूळ लावशीन. हे भाजी नोहे." मग तो लेप कोमट करून बेंबीभोवती बोटानं गोल गोल. पोरगं निजलं आणि मीही बसल्या बसल्या निजली. उठली तेव्हा पोराच्या मनगटात काळ्या दोऱ्यात ओवलेले वेखंडाचे मणी होते. तुम्ही तापल्या सुईनं भोकं पाडून केले होते, दुपारभर बसून. मला काहीच न बोलता बांधले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेलात. तुमचं देणं असंच होतं. द्यायचं आणि तोंड फिरवायचं.

तुम्ही गेलात त्यानंतर वाफा माझ्याकडे आला. म्हणजे कोणी दिला नाही, दुसरं कोणी नव्हतं म्हणून आला. मी काय केलं? काहीच नाही. मोरीचं पाणी जात होतं, वेखंड वाढत होतं. कोणी कुंपणाशी आलं की एक मूळ उपटायची, जमिनीवर ठेवायची. मी मनात म्हणायची, बघा आत्याबाई, एवढं सोपं होतं, उगीच मला पळवत होता. खरं म्हणजे वेखंड मी नाही सांभाळत होती, तुमची मोरी सांभाळत होती. पण हे कळायला मोरी फुटावी लागली.

आता तुमची नातसून ऐका. ती मोहर्लीची. लग्नाआधी जंगलात जिप्सीवर गाईड होती, खाकी कपडे घालून टुरिस्टांना वाघ दाखवायची. तुमच्या नातवानं पसंत केली तेव्हा मी म्हटलं, ही काय रोवणा करणार? रोवणा करते. पण सगळं सावकाश. चहा मांडला तर पाणी उकळेपर्यंत तिथंच उभी राहून पाहते. मी तिला म्हटलं, "तू पाह्यलं म्हणून ते लवकर उकळते का?" तर म्हणते, "नाई आई. मले पाहाले आवडते." अशा बाईला काय बोलायचं? पहिलं बाळंतपण तिचं माहेरी झालं, मुलगी झाली. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती म्हणाली इथंच राहते. आणि त्याच उन्हाळ्यात पोरानं बाथरूमचं काढलं. म्हणाला, बाळंतिणीला उघड्यावर आंघोळ नको. बरोबर होतं. पाणी शोषखड्ड्यात जाणार, दगडगोटे भरलेला बंद खड्डा, म्हणजे नाली नाही, डास नाही. तेही बरोबर होतं. मी म्हटलं, आणि वेखंड? तो म्हणाला, "माय, ते दुसरीकडे लाव ना. झाडच तर हाये."

मी म्हटलं लावते. तेंदूपत्त्याचे दिवस होते, पहाटे उठून जंगलात पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे. म्हटलं, हंगाम आटोपला की निवांत काढते. तर एके दिवशी पानांचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली, आणि पाहते तर मिस्त्री एक दिवस आधीच येऊन मोरी फोडून मोकळा. फरशीचे तुकडे, माती, विटा, सगळा मलबा वेखंडावर. गाठोडं मी तिथंच टाकलं. मिस्त्रीला जे बोलली ते लिहीत नाही. तो बिचारा म्हणाला, "बाई, मले काय मालूम, मले तर गवत दिसलं." त्याला अजून काय म्हणणार होती मी?

मलबा उपसून मुळं काढली. टोपलंभर निघाली. आता इथं मी जे केलं ते मन लावून केलं, हे लक्षात ठेवा. सांदवाडीत उंचावर, उन्हाच्या जागी, वाफा केला. शेणखत घातलं, भुसभुशीत माती केली, काट्याचं कुंपण केलं, आणि हळद लावतात तशी एक एक गाठ खोल पुरली. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. असा वाफा तुम्ही जन्मात केला नसेल. नालीतल्या घाणीतून काढून मी त्याला पाटावर बसवलं होतं.

पानं वाळली. म्हटलं, जागा बदलली, होईल ठीक. मग मी पाहायला लागली. रोज सकाळी एक गाठ उकरायची, मूळ फुटलं का पाहायचं, नाही फुटलं म्हणून दाबून लावायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. काही मऊ पडल्या, दाबलं की पाणी निघायचं. काही वाळून काडी झाल्या. वैशाखाचं ऊन, मातीत बोट घातलं तर भाजायचं. एक दिवस कुंपणाशी एक बाई आली, लेकीचे दिवस भरत आलेले, आणि मी तिला नाही म्हटलं. या घरातून पहिल्यांदा कोणी रिकाम्या हातानं गेलं. ती म्हणाली, "राहू द्या बाई, दुकानातून आणतो." दुकानात मिळतेच ना. वडशाला कोणत्याही किराण्यात वेखंड मिळते, पूड मिळते, डबी मिळते. त्यानं काही अडत नव्हतं कोणाचं. अडत होतं माझं. तुमच्या माहेराहून मांडीवर आलेली वस्तू माझ्या हातात मरते आहे, आणि तुम्ही बरोबर होता, हे मला सहन होत नव्हतं.

सुनेनं एक दिवस पाहिलं. पोट घेऊन हळू खाली बसली, वाफ्याशेजारी, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी उकरत होती.

"आई, तुम्ही हे रोज उकरता?"

"मंग? पाहाव नाई लागत, जिवंत हाये का मेलं?"

"आमी जिप्सीत टुरिस्ट लोकायले एकच सांगत होतो. गाडी बंद करा, गप बसा. जो घडीघडी उभा राहून पाह्यते ना, त्याले वाघ दिसत नाई, अन् बाकीच्यायलेही दिसू देत नाई."

"हा काय वाघ हाये?"

"नाई. पण तुम्ही टुरिस्ट हाये."

आत्याबाई, तोंडावर म्हणाली. मी सासू. मी खुरपं फेकलं आणि घरात गेली. तुमचा मुलगा ओसरीत बसून ऐकत होता, त्याला हसू आवरेना. म्हणाला, "मायनं पाठवलेली दिसते." मी त्याला जेवायला उशिरा दिलं.

पण ती तिथंच बसून राहिली होती. दुपारी आत आली, हातात पाच-सहा गाठी. कोंब जिवंत असलेल्या तेवढ्याच उरल्या होत्या. म्हणाली, हे मी नेते. कुठं? तर बोरिंगवर, गावच्या हातपंपाशी. घराघरांत नळ आले तसं प्यायचं पाणी तिथून कोणी नेत नाही, पण बाया कपडे तिथंच धुतात, गुरं तिथंच पाणी पितात, आणि सांडलेलं पाणी खाली खोलगट जागेत बारा महिने उभं राहते. साबणाचा फेस, शेण, चिखल. मी म्हटलं, "घरची वस्तू रस्त्यावर टाकतेस? गुरं खातीन, पोट्टे उपटतीन." ती म्हणाली, "गुरं याले तोंड लावत नाई, वास पाहा ना. अन् पोट्ट्यायनं उपटलं तर आपल्याच टोल्यातले पोट्टे हाये ना, कोणाच्या तरी घरीच जाईन." मग म्हणाली, "आजी कोणाले नाई म्हणत होत्या का?"

मी सोबत गेली, म्हटलं, ही पोटुशी, चिखलात घसरली तर? तिनं गाठी पुरल्या नाहीत. चिखलावर आडव्या ठेवल्या आणि तळव्यानं नुसत्या दाबल्या, पोट चिखलात, पाठ उघडी. म्हशी पाण्यात बसतात तशा. मी म्हटलं, हे काय लावणं झालं? ती म्हणाली, "मिस्त्रीनं फोडलं तवा मी पाह्यलं ना. तुम्ही जंगलात होते. जुन्या नालीत ते असंच पडून होतं, अर्धं वर." ती घरात असून पाहत होती. मी तीस वर्षं त्या वाफ्याच्या बाजूनं गेली आणि मुळं कशी झोपतात हे कधी पाहिलं नाही. तुम्ही पळवत होता हे खरं. पण तुम्ही गेल्यावर कोणी पळवत होतं? तेव्हाही मी उपटली आणि पुढे गेली.

तिनं शर्त घातली. रोवणा आटपेपर्यंत बोरिंगकडे पाहायचं नाही. मी हसली. पण पाळली. बांधीवर जायला बोरिंगवरून सरळ वाट आहे, मी देवळामागून फिरून जायची, चिखल तुडवत. बाया विचारायच्या, "काऊन वं बाई, त्या वाटेनं काय पाहून राह्यली?" मी म्हणायची, पाय मोकळे करून राह्यली. रोवण्यात पाय मोकळे करते म्हणे! त्या फिरून जायच्या वाटेवर मला तुमचं एक कळलं. घरात तुमचं काय होतं? शेत सासऱ्याचं, घर सासऱ्याचं, म्हैस माझ्या माहेराहून आली, पोरं माझी. तुमच्या माहेराचं म्हणून या घरात तेवढंच होतं, नालीवरचं. सकाळी तुम्ही पाठ करून तिथं बसायच्या, ते काही माझ्यावर अविश्वास म्हणून नाही. तुम्ही तेवढा वेळ माहेरी जात होता. आणि मी मागून जाऊन म्हणायची, आणा इकडे, मी करते. मला कोणी माझ्या माहेरच्या ओट्यावरून असं उठवलं असतं तर मी भात करपते एवढ्यावर थांबली नसती.

आषाढात मुलगा झाला. सरकारी दवाखान्यात, सगळं नीट. घरी आणला तर त्यालाही बापासारखाच पोटात वारा. मी सहाण काढली, दुकानातलं मूळ होतं ते घेतलं, म्हटलं, बोटावर थोडं चाटवते. तुम्ही आमच्या पोरांना चाटवायच्याच की. तर बाळंतिणीला पाहायला आलेली सरकारी आशाताई बसलेली. म्हणाली, "नाई मावशी, सहा महिने आईच्या दुधाबिगर काईच नाई. हे तर बिलकुल नाई." मी भांडली. म्हटलं, याचा बाप याच्यावरच वाढला, पाहा, केवढा बैल झाला. ती हसली पण हलली नाही. सून मध्ये पडली, "पोटात नाई तर पोटावर लावू, आई." आशाताई म्हणाली, तेवढं चालते. मग मी उगाळायला बसली, आणि सून नुसती पाहत होती, तिला आवडते ना पाहायला. तिच्या पाहण्यानं माझा हात आपोआप हळू झाला. लेप कोमट केला, बेंबीभोवती फिरवला. पोरगं निजलं. लेपानं निजलं की माझ्या हाताच्या उबेनं, देव जाणे. मी हात काढला नाही.

रोवणा आटोपला, पोळा झाला, आणि मला आठवण करून द्यायची वेळ आली नाही. एका सकाळी सून म्हणाली, चला. पोरगं खांद्यावर, मुलगी बोटाला. बोरिंगखालचा सगळा खोलगट हिरवा होता, आत्याबाई. पातं गुडघ्याच्या वर, दाट, मधे एक म्हैस बसलेली, आणि त्या म्हशीनं एका पानाला तोंड लावलं नव्हतं. कपडे धुणारी एक बाई म्हणाली, "हे वेखंड कोणं लावलं? मच्छर कमी झाले इथचे." मी म्हणणारच होती, आमच्या घरचं आहे, आमच्या आत्याबाईचं. तेवढ्यात सून म्हणाली, "आपलंच हाये." कोणाचं आपलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही सोडून दिलं.

दिवाळीच्या आधी पानं पिवळी पडली. तिनं पहिलं मूळ काढलं, धुतलं, माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. मी वाकून उचललं. कंबर दुखते आता वाकायला, पण उचललं. आणि तिथंच, बायांसमोर, तिला म्हटलं, "आजपासून हे तुयं. मी बोट लावणार नाई." ती म्हणाली, "बरं." एवढंच. तुमच्या घराण्यात कोणाला आभार मानता येत नाही. पण एका गोष्टीत मी तुमच्या पुढे गेली, हे मान्य करा. तुम्ही मरेपर्यंत दिलं नाही, मी चालताबोलता दिलं. ज्या बाईला उन्हाळ्यात नाही म्हटलं होतं, तिची लेक लेकरू घेऊन माहेरी आली आहे. सून कालच मूळ घेऊन तिच्याकडे जाऊन आली. मी घरी बसून भात केला. करपला नाही.

आता धान कापणीला आलं आहे. तुमचा मुलगा वडशाला नाटक पाहायला जायचं म्हणून आत्तापासून खुशीत आहे, कोणती मंडळी येते, कोणतं नाटक येते, याच गोष्टी. सून आणि लेकरं निजली आहेत दुपारची. बाथरूमात नळ थोडा गळते, त्याचा आवाज येते आहे. नातीच्या वहीचे बरेच कागद फाडून हे लिहिलं, ती उठली की बोलणार मला. धाडायचं कुठं हा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी तुम्हाला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि त्या वाचणारीनं टुरिस्टवालं बोलणं पुऱ्या गावात केलं असतं. राहू दे.

एक सांगायचं राहिलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी एवढं भांडली, त्या वेखंडाचा वास मला आवडत नाही, आत्याबाई. पहिल्या दिवशी आवडला नव्हता, आजही आवडत नाही. आज सकाळी सुनेनं पोराला न्हाऊ घातलं, टाळूवर पूड चोळली आणि माझ्या मांडीवर दिलं. मी तोंड बाजूला केलं. आणि मग, ती आत गेली तशी, त्याच्या डोक्याला नाक लावून बराच वेळ बसली.